विंडोज १० गेलं, लॅपटॉप जुना. लिनक्सवर नाटकाच्या संहिता टाईप होतील का?

संहितावाला

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला. गावच्या देवळाच्या उत्सवात आमचं मंडळ दरवर्षी मराठी नाटक बसवतं. रंगमंचावर उभं राहायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून लिखापढीचं खातं माझ्याकडे. संहिता टाईप करायची, ज्याची त्याची भूमिका वेगळी काढून द्यायची, प्रॉम्प्टरसाठी मोठ्या अक्षरांतली प्रत छापायची.

लॅपटॉप २०१५ च्या सुमाराचा. इंटेल आय-थ्री, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या यंत्रावर बसत नाही असा निरोप स्क्रीनवर येतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, नवा घ्या. मंडळाची शिल्लक पाहता आधी पडदे, मग लॅपटॉप.

भाचा म्हणतो, "मामा, विंडोज काढून लिनक्स घाल." कुठलं म्हणून विचारलं तर एका दमात दहा-बारा नावं सांगून कॉलेजला निघून गेला.

माझे प्रश्न सरळ आहेत. मराठी टायपिंग जमेल का? मी इनस्क्रिप्टवर टाईप करतो, पण २०१० च्या आधीच्या सगळ्या फायली तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये आहेत. त्या उघडतील का? प्रिंटर चालेल का? आणि त्या काळ्या खिडकीत बसून इंग्रजी मंत्र म्हणावे लागणार असतील तर आधीच सांगा.

उघडी_खिडकी

मंत्र म्हणावे लागतात, दक्षिणा मात्र लागत नाही.

गंमत सोडा. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. उत्सव तोंडावर असेल तर आत्ता चालत्या यंत्राला हात लावू नका. नाटक पार पडू दे, मग काय ते प्रयोग करा.

टर्मिनलभाऊ

डेबियन टाका आणि विषय संपवा. १९९३ पासून चालू आहे, कुठल्याही कंपनीच्या दावणीला बांधलेलं नाही. खरंच शिकायचं असेल तर आर्च. एकेक भाग स्वतः बसवला की यंत्र कसं चालतं ते आपोआप कळतं. मिंट-उबंटू म्हणजे चमच्याने भरवणं.

माडावरून

टर्मिनलभाऊ, त्यांना संहिता छापायच्यात, कर्नल नाही.

संहितावाला, मी मडगावचा. ओळखीपाळखीच्यांचे बरेच जुने लॅपटॉप लिनक्सवर आणून दिलेत, त्यावरून सांगतो. "कुठलं लिनक्स" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. लिनक्स म्हणजे नेमकं बोलायचं तर फक्त कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्या मधला गाभा, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस आणि अपडेटची व्यवस्था बांधून जे हातात देतात ते डिस्ट्रो. डेबियनवर उबंटू उभं राहिलं २००४ मध्ये, उबंटूवर मिंट २००६ मध्ये. म्हणजे भाच्याने सांगितलेल्यातली निम्मी नावं एकमेकांची भाऊबंद निघतील.

तुमच्यासाठी मिंट, २२ ची मालिका, त्यातली एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. मिंटवाले किमान २ जीबी रॅम सांगतात आणि ४ जीबी असावी म्हणतात. सिनॅमन नावाची आवृत्ती दिसायला जास्त छान आहे, पण ४ जीबीवर एक्सएफसीई बरी. आणि हो, मेमरी खरी खातो तो ब्राउझर. वीस टॅब उघडून ठेवायची सवय असेल तर कुठलंही डिस्ट्रो तुम्हाला वाचवणार नाही.

खरं काम वेगळंच आहे. एक कागद घ्या आणि या लॅपटॉपवर तुम्ही वर्षभर काय काय करता ते लिहून काढा. "इंटरनेट, ऑफिस" असं मोघम नको. कुठला प्रोग्राम, कुठला प्रिंटर, कुठल्या साइटवर कुठली पेन ड्राइव्हसारखी डिजिटल सही लागते, सगळं. त्या कागदावरच ठरेल लिनक्स करायचं की नाही. तो इथे टाका.

बहीखातं

वरच्याला अनुमोदन. मी म्हापशात हिशेबाचं काम करतो. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन या दोन गोष्टींमुळे माझं ऑफिसचं यंत्र विंडोजवरच आहे. टॅली वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून, चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला दुसऱ्याच्या हिशेबावर असला खेळ मी खेळणार नाही. टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला ते ओळखू देणारे छोटे प्रोग्राम, मिळतात, पण प्रत्येक सरकारी साइटची सहीची छोटी प्रणाली वेगळी, तिथे गाडं अडतं. घरचा लॅपटॉप मात्र मिंटवर आहे. बँक, वीजबिल, व्हॉट्सॲप वेब, मुलीची ऑनलाइन शिकवणी, कशालाच अडलेलं नाही.

संहितावाला

कागद केला. टायपिंग (वर्ड). जुन्या फायली. एक जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर, यूएसबीचा. जीमेल, व्हॉट्सॲप वेब. तालमीचे व्हिडिओ पाहणं. देवळाच्या वर्गणीचा तक्ता एक्सेलमध्ये. निमंत्रणपत्रिका म्हापशातले छापखानेवाले कोरलमध्ये करतात, मी फक्त मजकूर देतो. टॅली नाही, टोकन नाही.

माडावरून

मग तुम्ही लिनक्सचं आदर्श गिऱ्हाईक आहात. अडलं तर जुन्या फायलींशी आणि प्रिंटरशी अडेल.

आता इन्स्टॉल करायची घाई नको. पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघता येतं, डिस्कवरच्या विंडोजला धक्का न लागता. त्याला लाइव्ह म्हणतात. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या मिंटचा एकच गठ्ठा, उतरवा, ३ जीबीच्या आसपास असते, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तालमीचे फोटो असलेला घेऊ नका. फाइल नीट उतरली का ते साइटवर दिलेल्या चेकसमशी, म्हणजे पडताळणीच्या लांबलचक आकड्याशी, ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल बसवायला गेलं की भलतेच एरर येतात आणि माणूस लिनक्सला शिव्या देतो. मग विंडोजमध्येच रुफस किंवा एचर वापरून ती पेन ड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी करून चालत नाही.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. कंपनीगणिक एफ१२, एफ९ किंवा एस्केप. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारा पहारा, बंद करायची सहसा गरज पडत नाही, मिंट त्याच्यासकट चालतं.

लाइव्हमध्ये गेल्यावर आधी वॉलपेपर बदलत बसू नका. वायफाय दिसतं का? आवाज येतो? झाकण मिटून उघडलं की यंत्र जागं होतं? प्रिंटर लावून एक पान निघतं? एक जुनी संहिता उघडून बघा. आणि मेनूत 'डिस्क्स' नावाचं ॲप असेल, ते उघडून हार्ड डिस्क निवडा, वरच्या मेनूतून 'स्मार्ट डेटा' बघा. दहा वर्षं फिरलेल्या डिस्कची तब्येत बघितल्याशिवाय तिच्यावर काहीही बसवायचं नाही.

डिचोलीच्या_बाई

मराठी टायपिंगबद्दल मी लिहिते, कारण हा प्रश्न शाळेत मला रोज विचारला जातो.

इनस्क्रिप्ट येत असेल तर तुमचे निम्मे काम झालेले आहे. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये आहे. विंडोजमधला 'मराठी' कीबोर्ड तोच आणि लिनक्समधलाही तोच. मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही बोटांची सवय तशीच चालते. 'के' वर क, 'डी' वर हलन्त, शिफ्ट धरून 'एन' वर ळ. 'कुऱ्हाड' लिहिताना शिफ्ट-'जे' ने ऱ, मग हलन्त, मग ह. तिथे साधा र घेतला की 'कुर्हाड' होते आणि प्रॉम्प्टर नेमका त्या शब्दावर अडखळतो.

एक्सएफसीईमध्ये सेटिंग्जमधील कीबोर्ड उघडा, 'लेआउट' या पानावर 'सिस्टिमचे डिफॉल्ट वापरा' ही खूण काढा, मग 'ॲड' करून भारतीय गटातून मराठी इनस्क्रिप्ट घ्या. तिथेच भाषा बदलण्याची कळ ठरवता येते, मी ऑल्ट-शिफ्ट ठेवली आहे. यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही.

ज्यांना रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवायची सवय आहे त्यांनी आयबस ही टायपिंगची सोय आणि त्याचे एम१७एन हे पॅकेज बसवावे. त्यात मराठीच्या बऱ्याच पद्धती मिळतात, गमभनसुद्धा. तिथे भाषा सुपर-स्पेसने बदलते. सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. इन्स्टॉल करताना कीबोर्ड विचारला जातो तेव्हा इंग्लिश (यूएस) हाच निवडा. मराठीच्या उत्साहात तिथे मराठी निवडली की पासवर्ड देवनागरीत टाईप होतो, दिसतात फक्त ठिपके, आणि लॉगिनच्या दारात माणूस अडकतो. जागा कोलकाता दाखवली की वेळ, तारीख आपल्या पद्धतीची येते. मराठी नंतर जोडा.

टर्मिनलभाऊ

कीबोर्ड जोडायला एवढी पानं? एका ओळीची कमांड आहे.

डिचोलीच्या_बाई

भाऊ, ती ओळ आमच्या सातवीच्या मुलांना तुम्ही येऊन शिकवा. चहा माझ्याकडून.

उघडी_खिडकी

भाऊ गार.

टर्मिनलभाऊ

गार वगैरे काही नाही. येतो, सांगा कधी.

पण एक बोलतोच. टर्मिनलची, म्हणजे त्या काळ्या खिडकीची, भीती घालणं बंद करा. मंचावर मदत मागितली की लोक कमांड देतात ती मस्ती म्हणून नव्हे. मेनूची चित्रं डिस्ट्रोगणिक बदलतात, कमांड तीच राहते. नवख्याने एवढंच पाळावं: जी ओळ कळत नाही ती चिकटवायची नाही, आणि 'सुडो' ने सुरू होणारी तर मुळीच नाही, कारण तिथून पुढे यंत्र तुम्हाला मालक समजून सांगाल ते करतं. पासवर्ड टाईप करताना बऱ्याच डिस्ट्रोत काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असं समजून पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. मिंटमध्ये तारे दिसतात.

संहितावाला

लाइव्ह चालवून बघितलं. आवाज, झाकण, व्हिडिओ ठीक. मराठी कीबोर्ड बाईंनी सांगितल्याप्रमाणे जोडला आणि 'कुऱ्हाड' पहिल्या फटक्यात आली.

वायफाय मात्र दिसतच नाही. प्रिंटरचं नाव येतं पण पान निघत नाही. जुनी संहिता उघडली तर पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. आणि डिस्क्समध्ये 'रीअलोकेटेड सेक्टर काउंट' समोर शून्य नाही, तीन आकडी संख्या आहे. वर लिहिलंय डिस्क ओके, पण काही सेक्टर खराब. हे काळजीचं आहे का?

माडावरून

वायफायची काळजी नको, डिस्कची करा.

तो आकडा म्हणजे खराब झालेल्या जागा सोडून डिस्कने राखीव जागेत किती ठिकाणचा मजकूर हलवला. थोडे असले तर डिस्क वर्षभरही चालेल, पण तीन आकडी आणि वाढता आकडा म्हणजे डिस्कने गाशा गुंडाळायला घेतला आहे. तुमचा लॅपटॉप रखडतो त्याचं कारणही बहुतेक हेच. दोष विंडोजवर ढकलून वर लिनक्स बसवलं असतं तर तेही तसंच रखडलं असतं.

म्हणून क्रम बदला. आधी सगळ्या संहिता दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दोन ठिकाणी. विंडोज बंद करताना शिफ्ट धरून 'शट डाउन' करा, म्हणजे ते खरंच बंद होतं. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं, फार तर वाचू देतं. मग अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. ४ जीबी रॅम आणि एसएसडी हे जोडपं ८ जीबी आणि जुनी डिस्क यांच्यापेक्षा कधीही सुखाने नांदतं. रॅमचा जास्तीचा खण रिकामा असला तर तो नंतर बघू.

जुनी डिस्क काढून यूएसबीच्या डबीत, एन्क्लोजरमध्ये घालून ठेवा. म्हणजे विंडोज जसंच्या तसं बाजूला राहील आणि नवीन डिस्कवर मिंट मोकळेपणाने बसेल. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणं (ड्युअल बूट), त्यासाठी डिस्कचे भाग (पार्टिशन) लहान करणं, त्यातली जोखीम, काहीच नाही. सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सांगतो.

वायफाय: फोनला यूएसबी केबल लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. इन्स्टॉल झाल्यावर तेवढ्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो तुमचं वायफाय कार्ड ओळखून ड्रायव्हर सुचवेल. निवडा, रीस्टार्ट करा. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर मुक्त परवान्याचे नसतात म्हणून आधीपासून चालू नसतात, एवढंच.

प्रिंटर: अडेल असं आधी म्हणालोच होतो. नवे वायफायवाले, ज्यांच्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असतं ते, ड्रायव्हरशिवाय चालतात. जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांत काही असे आहेत की चालू केल्यावर त्यांना दरवेळी फर्मवेअर, म्हणजे त्यांचा आतला प्रोग्राम, पाठवावं लागतं, त्यासाठी कंपनीचं प्लगइन लागतं. एचपीचा असेल तर एचपीएलआयपी नावाचा संच मिंटमध्ये असतोच, फक्त प्लगइन उतरवू द्या. दुसऱ्या कंपनीचा असेल तर मॉडेलचा नंबर इथे टाका.

छापखाना_म्हापसा

तुमचा चिवडा वाचून राहवलं नाही. आमचा धंदाच त्या चिवड्यावर चालतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा पट्टा ठरलेला, क हा जगात कुठेही क. त्याआधी तसं नव्हतं. श्रीलिपी, शिवाजी, योगेश, कृतिदेव असले फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरत आणि तिथे मराठीचे तुकडे काढून ठेवत. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. फाँट असला की मराठी दिसतं, नसला की चिवडा. तुमच्या फायली बिघडलेल्या नाहीत, अंगावरचे कपडे तेवढे गेलेत.

झटपट उपाय: जुन्या डिस्कवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये ती फाँटफाइल असेल. फाइलमध्ये फाँटचं नाव काय ते लिब्रेऑफिसच्या, म्हणजे मिंटमधल्या वर्डच्या भावाच्या, वरच्या पट्टीत दिसतंच. ती फाँटफाइल मिंटमध्ये आणून दोनदा टिचकी मारा, 'इन्स्टॉल' करा, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा. वाचण्या-छापण्यापुरतं बहुतेक काम होतं. एखादा जुना फाँट रुसतो, सगळे नाही.

पण त्या फायली पुढे वापरायच्या असतील तर युनिकोडमध्ये आणाच. इंटरनेटवर कन्व्हर्टर मिळतात, मात्र फाँटगणिक वेगळा लागतो, कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला की नवीनच भाषा जन्माला येते. आणि नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. जुन्या फाँटात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर टाईप केलेला असतो. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट, 'धर्म' मधला रफार जुन्या फाँटात म च्या नंतर, युनिकोडमध्ये म च्या आधी. कन्व्हर्टरला हे सगळं उलटंपालटं करावं लागतं आणि जोडाक्षरात वेलांटी व रफार दोन्ही आले की तो गडबडतो. तपासताना तेच शब्द आधी शोधा: मूर्ति, कीर्ति, वार्षिक, निर्मिती.

सगळ्यात वाईट म्हणजे मधले खरे इंग्रजी शब्द. तुमच्या संहितेत कंसात कुठे 'स्पॉट', 'ब्लॅकआउट' असं रोमनमध्ये लिहिलेलं असेल ना? कन्व्हर्टरला मजकूर दिला की फाँटची माहिती गळून जाते. मग त्याला हे इंग्रजी आणि ते मराठी हे कळणार कुठून? तो सगळ्याचंच मराठी करतो. म्हणून आधी लिब्रेऑफिसच्या 'शोधा आणि बदला' मध्ये 'फॉरमॅट' हे बटण दाबून इंग्रजी फाँट निवडा, त्या फाँटातला सगळा मजकूर एका झटक्यात निवडला जातो. त्याला रंग द्या किंवा वेगळ्या फाइलीत काढा. मग बाकीचा फिरवा.

मूळ फाइलवर काही करू नका, नेहमी प्रतीवर. आणि आम्हाला मजकूर देताना युनिकोडमध्ये द्या, सोबत पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, म्हणून आमच्याकडे उघडल्यावरही काना-मात्रा जागेवर राहतात. कोरलची फाइल तुम्हाला बनवायची गरजच नाही.

बहीखातं

हे वेगळा धागा करून वर चिकटवून ठेवा रे कोणीतरी. माझ्याकडे सोसायटीचे जुने ठराव असेच पडलेत.

संहितावाला

एसएसडी बसली. मिंट बसलं. चालू केल्यावर उठून कुठे जाऊन यावं एवढा वेळच राहिला नाही.

टेदरिंगवर ड्रायव्हर मॅनेजरने वायफाय शोधून दिलं. प्रिंटर एचपीचाच निघाला, प्लगइन उतरवल्यावर पान आलं. जुना फाँट आणून घातला आणि चिवड्याची नांदी झाली! छापखानेवाले, देव बरें करूं. एक संहिता फिरवून बघितली. 'स्पॉट' वाली गंमत अगदी तुम्ही म्हणालात तशीच झाली असती, रंग देऊन ठेवल्यामुळे वाचली.

आता नवी अडचण. प्रॉम्प्टरची प्रत मी १८ च्या अक्षरात ठेवतो. युनिकोडमध्ये फिरवून चिकटवली की सगळं बारीक होतं. वर आकडा १८ करतो, नवीन ओळ लिहायला गेलो की पुन्हा बारीक. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत.

डिचोलीच्या_बाई

लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरी यांच्या फाँटांचा हिशेब वेगवेगळा ठेवते. जुन्या फाँटातला मजकूर त्याच्या लेखी इंग्रजी होता, म्हणून १८ हा आकडा तिकडे नोंदलेला आहे. युनिकोड मजकूर देवनागरीच्या खात्यात गेला, तिथे मूळचा १२ च आहे.

टूल्समधून ऑप्शन्स उघडा, भाषेच्या सेटिंग्जमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचे खाते) वर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या खाली 'बेसिक फाँट्स (सीटीएल)' असे पान दिसेल, तिथे फाँट आणि आकार ठरवा. पण प्रत्येक संहितेसाठी खरा उपाय म्हणजे स्टाइल. 'संवाद', 'पात्राचे नाव', 'रंगसूचना' अशा तीन परिच्छेद-स्टाइल बनवा, प्रत्येकीत देवनागरीचा फाँट व आकार घाला. मग प्रॉम्प्टरची प्रत काढायची म्हणजे 'संवाद' चा आकार एका ठिकाणी बदलायचा, अख्खे नाटक बदलते. एका नटाची भूमिका वेगळी काढतानाही त्याच्या नावाच्या स्टाइलवरून शोधता येते.

ल आणि श चे म्हणाल तर ते फाँटावर अवलंबून आहे. काही फाँटांत मराठी वळण आतच असते आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की ते पुढे येते. हिंदी म्हणून नोंद असेल तर हिंदी वळण. आधी भाषा मराठी करा, नाही बदलले तर फाँट बदला. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये देवनागरी फाँटांची पॅकेजेस मिळतात, लोहित, नोटो वगैरे. फाँट बदलल्यावर पानांची संख्या हलेल, तालमीच्या मध्यावर बदलू नका.

माडावरून

आणि टाइमशिफ्ट चालू करा, मिंटच्या स्वागताच्या खिडकीतच आहे. ड्रायव्हर किंवा अपडेटने काही बिनसलं तर यंत्र आदल्या स्थितीत नेता येतं. मात्र तो सिस्टिमच्या फायली जपतो, तुमची होम फोल्डर, जिथे तुमच्या फायली असतात ती, मुळात त्यात धरलेली नसते. संहितांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवायचीच. अँटिव्हायरस शोधत बसू नका, अपडेट मॅनेजर सांगेल तेव्हा अपडेट करा. प्रोग्राम इकडून तिकडून उतरवण्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या.

फायलींच्या नावात लिनक्स रोमनचं मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतं. म्हणून नावं देवनागरीतच द्या, आपल्याकडे ती भानगड नाही.

संहितावाला

स्टाइलची युक्ती कोणी आधी का सांगितली नाही! इतकी वर्षं वर्डमध्ये एकेक संवाद निवडून मोठा करत होतो. हे तिथेही होत असणार.

माझं झालं. आता भाच्याचं. माझं बघून त्याने स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ शेजारी मिंट टाकलं. डिस्कचं एनक्रिप्शन, रिकव्हरी की वगैरे त्याने आधी बघून घेतलं म्हणे, दोन्ही चालतं. पण मिंटमधून विंडोजमध्ये गेला की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली का?

टर्मिनलभाऊ

बॅटरी ठणठणीत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून लिनक्सने लिहिलेली वेळ विंडोज स्थानिक समजून वाचतं आणि तेवढंच मागे दाखवतं. भाच्याला मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ असं सांगायला लाव, मिंटही स्थानिक वेळ लिहायला लागेल. विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन त्यालाही यूटीसी शिकवता येतं. दोन्हीपैकी एकच करा. दोन्ही केलंत तर पुन्हा साडेपाच तासांचा घोळ, या वेळी उलट्या बाजूने.